सिग्नल लागला तर धंदा बसेल काय?

गेल्या महिन्यात इशाच्या नमाजनंतर आमच्या ओळीतले सात-आठ दुकानदार एका दुकानात बसलो होतो. महंमद अली रोडवर दोन चौकांच्या मधल्या भागात पायी चालणाऱ्यांसाठी सिग्नल मागावा की मागू नये, एवढाच विषय होता. चहा दोनदा झाला आणि आवाजही दोनदा चढला. वयाने आणि धंद्याने सर्वांत थोर असलेले शेजारचे हाजीसाहेब शेवटी म्हणाले, "भाई, तुम्ही लोक सवाबासाठी सिग्नल मागताय. पण माझ्या दारातला टेम्पो उठला तर माझं गिऱ्हाईक कोण आणून देणार?"

प्रश्न खरा आहे, आणि त्याला चिडून उत्तर देण्यात अर्थ नाही. ज्याचा गल्ला दारासमोरच्या दहा-पंधरा फुटांवर चालतो त्याला त्या जागेची काळजी वाटणारच. परंतु त्या बैठकीत बोललेल्या पुष्कळ गोष्टी अंदाजाने बोलल्या गेल्या, आणि अंदाजाने धंदा होत नाही. म्हणून हा विषय व्यापाऱ्याच्या नजरेने पुन्हा मांडत आहे. माझे मत सिग्नलच्या बाजूचे आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांना हिशेब तपासता येईल.

प्रथम रस्ता पाहू. 2002 साली जे. जे. रुग्णालयापासून क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूपर्यंत सुमारे अडीच किलोमीटरचा उड्डाणपूल खुला झाला. त्याला माहीमचे थोर विद्वान, कुत्बे कोकण मखदूम अली माहिमी यांचे नाव आहे. पुलामुळे दूर जाणाऱ्या मोटारी वरून निघून गेल्या, खालच्या रस्त्याचा भार हलका झाला असे सर्वांना वाटले आणि काही अंशी ते खरेही होते. पण 2010 साली अपघातांमुळे पुलावर दुचाकींना बंदी झाली. ती बंदी योग्यच होती, परंतु तिचा परिणाम असा की शहरात ये-जा करणारी स्कूटर-मोटारसायकलींची रांग खालून, आपल्या दारांवरून जाऊ लागली. पुलाचे खांब रस्त्याच्या मधोमध आहेत. खांबाआडून निघालेले माणूस मोटारसायकलवाल्याला शेवटच्या क्षणी दिसते, आणि त्या माणसालाही मोटारसायकल तेव्हाच दिसते. घासाघीस करायला तिथे वेळ नसतो.

आता हा रस्ता कोण ओलांडतो ते पाहू. मशीद बंदर स्टेशन एका बाजूला, अब्दुल रहमान स्ट्रीट, झवेरी बाजार आणि मंगलदास मार्केट दुसऱ्या बाजूला. लोकलने आलेले गिऱ्हाईक रस्ता ओलांडल्याशिवाय पलीकडे पोचत नाही. कोकणातून लग्नाच्या खरेदीला आलेली कुटुंबे, हजला जाणाऱ्यांसाठी इहराम आणि तसबीह घ्यायला आलेले नातलग, किताबांच्या दुकानांत येणारे मदरशांचे विद्यार्थी, जे. जे. मधून कागद हातात घेऊन औषध शोधत निघालेला रुग्णाचा भाऊ. त्याखेरीज वरच्या मजल्यांवर राहणारी आपली स्वतःची माणसे आहेतच. बाहेरचे लोक महंमद अली रोडला बाजार समजतात. आपण जाणतो की ही वस्तीही आहे. दुकानाच्या वर तीन-चार मजले संसार आहेत. सकाळी शाळेची मुले, दुपारी शिवणकामाचे गठ्ठे घेऊन जाणाऱ्या बाया, आणि पाच वेळा मशिदीकडे निघालेली बुजुर्ग मंडळी, ही सारी याच रस्त्याला भिडतात. हमाल, पाटीवाले आणि हातगाडीवाले तर दिवसभर तेच करतात. डोक्यावर ओझे असलेल्या पाटीवाल्याला मान वळवून गाडी येते का ते पाहताही येत नाही, ही साधी गोष्ट आपण रोज पाहतो आणि विसरतो.

माल उतरवून झाल्यावर मी दुकानाच्या पायरीवर बसतो तेव्हा समोरच्या फुटपाथवर उभी असलेली माणसे मोजण्याची मला सवय लागली आहे. चार-पाच जमली की त्यांतला एखादा धाडसी हात वर करून उतरतो आणि बाकीचे त्याच्या पाठीमागून येतात. जी म्हातारी एकटी असते ती उभीच राहते. कधी कधी ती कंटाळून निघून जाते. ती गेली ते आपले गिऱ्हाईक गेले, पण वहीत त्याची नोंद कुठेच होत नाही. न आलेल्या गिऱ्हाइकाची उधारी कोणी लिहीत नसतो.

हाजीसाहेबांच्या बोलण्यामागे एक समज आहे: आपला धंदा दारात थांबणाऱ्या गाडीवर चालतो. ही समज केवळ आपलीच नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात 2006 साली एका पाहणीत दुकानदारांना विचारले होते की तुमचे किती गिऱ्हाईक मोटारीने येते. त्यांचा अंदाज शेकडा 41 होता. नंतर गिऱ्हाइकांनाच विचारले तेव्हा मोटारीने आलेले शेकडा 22 निघाले. निम्म्याहून अधिक लोक पायी आले होते. ब्रिस्टल आणि भेंडी बाजार यांची बरोबरी होत नाही हे मलाही कळते. परंतु तिथे घरोघर मोटारी असूनही दुकानदारांचा अंदाज दुपटीने चुकला, तर लोकल आणि बसने येणाऱ्यांच्या या बाजारात तो किती चुकत असेल याचा विचार करावा. मोटार दारात लागलेली दिसते म्हणून ती लक्षात राहते. पायी येणारा गर्दीत मिसळून येतो. आपल्या दुकानात एक दिवस प्रत्येक गिऱ्हाइकाला बिल देताना "कसे आलात?" एवढे विचारून पाहावे. मी तीन दिवस विचारले. आकडा सांगत नाही, कारण एका दुकानाच्या तीन दिवसांवरून बाजाराचा नियम निघत नाही; पण त्यानंतर माझा टेम्पोबद्दलचा आग्रह बराच नरम झाला.

सिग्नल कुठे द्यावा याला नियम आहे, तो कोणाच्या मर्जीवर नाही, ही गोष्ट आपल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था देशातल्या रस्त्यांचे मानदंड ठरवते. तिच्या पादचाऱ्यांसंबंधीच्या मार्गदर्शिकेत (क्रमांक 103) दोन चौकांच्या मधल्या भागासाठी एक सोपा हिशेब दिला आहे. गर्दीच्या एका तासात रस्ता ओलांडणाऱ्या माणसांची संख्या घ्यायची, त्याच तासातल्या वाहनांची संख्या घ्यायची, वाहनांच्या संख्येला तिनेच गुणायचे आणि आलेल्या आकड्याला माणसांच्या संख्येने गुणायचे. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा गुणाकार दहा कोटींच्या वर गेला, किंवा दुभाजक असलेल्या रस्त्यावर वीस कोटींच्या वर गेला, तर तिथे नियंत्रित क्रॉसिंगचा विचार व्हावा असे ती सांगते.

आकडे मोठे वाटतात पण हिशेब किराणा दुकानाचा आहे. आपल्या रस्त्याला मधे दुभाजक आहे, म्हणून वीस कोटी धरू. तासाला एक हजार वाहने जात असतील तर हजार गुणिले हजार म्हणजे दहा लाख. त्याला दोनशे माणसांनी गुणले की वीस कोटी झाले. वाहने दोन हजार असतील तर पन्नास माणसे पुरतात. संध्याकाळी आपल्या रस्त्यावर, एका जागी, तासाला किती माणसे ओलांडतात ते पायरीवर बसणाऱ्या कोणालाही विचारा. मात्र "खूप गर्दी असते" असे अर्जात लिहून काही होत नाही. आकडा लिहावा लागतो. आपल्या समाजाच्या पुष्कळ अर्जांचे हेच होते: भावना भरपूर, आकडा एकही नाही, आणि मग अर्ज फायलीत पडून राहिला की आपण म्हणतो आपले कोणी ऐकत नाही. नेहमीच तसे नसते. कधी कधी ऐकण्यासारखे आपण काही लिहिलेलेच नसते.

आता वेळेचा हिशेब, कारण वाहतूक तुंबेल ही दुसरी तक्रार आहे. अभियंते पायी चालणाऱ्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरतात. दुभाजकापर्यंतचा एका बाजूचा रस्ता समजा 9 मीटर रुंद असेल, तर ते अंतर कापायला साडेसात सेकंद लागतात. सुरुवातीला पाय उचलायला आणि शेवटी सुरक्षित पोचायला थोडी जास्त सेकंद. म्हणजे दर दोन मिनिटांनी पंधरा-वीस सेकंद गाड्या थांबल्या तर भागते. तासाला तीस वेळा वीस सेकंद म्हणजे सगळे मिळून दहा मिनिटे. आणि हा सिग्नल पुढच्या चौकाच्या लाल दिव्याशी जुळवून बसवला तर त्यातला मोठा भाग गाड्या नाहीतरी उभ्या असण्याच्या वेळेत बसतो. आज काय होते? दर मिनिटाला कोणीतरी हात करून उतरतो, टॅक्सी ब्रेक मारते, मागचा भोंगा वाजवतो, बस तिरकी होते. ती थांबण्याची मिनिटे कोणी मोजत नाही इतकेच.

येथे मला अभियंत्यांशीही थोडा वाद घालायचा आहे. 1.2 मीटर हा तरण्या, रिकाम्या हाताच्या माणसाचा वेग आहे. अमेरिकेने 2009 साली आपल्या नियमावलीत हा वेग कमी केला, सेकंदाला चार फुटांवरून साडेतीन फुटांवर आणला, कारण म्हातारी माणसे रस्त्यात मधेच अडकत होती. आपल्या रस्त्यावर तर बुजुर्ग आहेत, कडेवर मूल घेतलेल्या आया आहेत, पाटीवाले आहेत. तेच 9 मीटर कोणी सेकंदाला 0.8 मीटरने चालले तर सव्वाअकरा सेकंद लागतात. साडेसात सेकंदांचा हिरवा माणूस दाखवून त्या आजीला मधे सोडायचे असेल, तर सिग्नल मागताना सेकंदसुद्धा मागून घ्यावेत. सिग्नल मिळाला एवढ्यावर खूश होऊन आपण गप्प बसलो तर पुढे पस्तावू.

बैठकीत कोणीतरी सुचवले की सिग्नल नको, पादचारी पूल मागू. वर उड्डाणपूल असताना त्याच्याही वर लोखंडी पूल चढवायचा की त्याच्या पोटाखालून काढायचा, हा विचार सूचना करणाऱ्याने केला नव्हता. मुंबईने स्कायवॉकचा अनुभव घेतला आहे. 2008 साली वांद्र्याला पहिला झाला, पुढे शहरभर बांधले गेले, आणि त्यांतले कित्येक ओसाड पडले. गुडघे धरलेल्या माणसाला जिने चढायला लावून खाली मोटारीला मोकळा रस्ता देणे ही उलटी रीत आहे. भुयारी मार्गाचे म्हणाल तर रात्री नऊनंतर आपल्या घरच्या मुली त्यातून एकट्या जातील का, हे ज्याचे त्याने स्वतःला विचारावे.

तिसरी तक्रार मात्र वजनदार आहे, आणि ती मांडणारा आमच्या ओळीतला सर्वांत तरुण दुकानदार होता. तो म्हणाला, "चाचा, सिग्नल लावाल, पण पाळणार कोण? आज माणूस घाबरून दोन्हीकडे बघून तरी उतरतो. उद्या हिरवा दिवा बघून बिनधास्त उतरेल आणि बाइकवाला येऊन ठोकेल."

ह्याला माझ्याकडे झटपट उत्तर नव्हते, आजही पूर्ण उत्तर नाही. न पाळला जाणारा सिग्नल हा सिग्नल नसण्यापेक्षा वाईट असू शकतो, हे मान्य केले पाहिजे. कायदा आहे: 2019 च्या दुरुस्तीने लाल दिवा तोडणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली धोकादायक वाहन चालवण्यात धरले, आणि पहिल्या वेळी एक ते पाच हजारांपर्यंत दंड ठेवला. कॅमेऱ्यावरून चलान घरी येते, याचा अनुभव अनेकांना आहे. म्हणून सिग्नलसोबत कॅमेरा मागावा, आणि पहिले दोन-तीन महिने तिथे वाहतूक हवालदार उभा राहावा अशी मागणी अर्जातच असावी. त्याशिवाय क्रॉसिंगच्या जागी रस्ता थोडा उंच केला, गाडीला वेग कमी करावाच लागेल असा, तर निम्मे काम दिव्याशिवाय होते. माझ्या मते उंच क्रॉसिंग नसेल तर नुसता दिवा घेऊ नये.

पण त्या तरुणाला मी एक उलट प्रश्न विचारला, तो येथे लिहिणे भाग आहे. सिग्नल तोडणारे बाइकवाले कोण आहेत? काही बाहेरचे आहेत, खरे. काही पार्सल पोचवणारी पोरे आहेत. आणि काही आपल्याच दुकानांतली नोकर मंडळी आहेत, ज्यांना आपण "दहा मिनिटांत ये" म्हणून उलट्या बाजूने पिटाळतो. दुकानाची बाइक उलट दिशेने आली तर त्या दिवशी तिची चावी शेठने काढून घ्यावी, इतके तरी आपल्या हातात आहे. ते करायला ना पालिका लागते ना पोलीस.

फुटपाथचेही तसेच. फुटपाथ हा पायी चालणाऱ्याचा, आणि आपला माल त्यावर दोन फूट, शेजाऱ्याचा तीन फूट, म्हणून तिसऱ्याचा चार. मग माणूस खाली रस्त्यात उतरतो आणि रस्ता ओलांडण्याआधीच गाड्यांच्या रांगेत उभा असतो. फेरीवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्या रोजीचा विचार करून 2014 साली कायदा झाला आहे आणि त्यांची जागा त्या कायद्याने ठरावी. मी बोलतो आहे ते पक्क्या दुकानदारांबद्दल, ज्यांना आत जागा असूनही बाहेर मांडायची सवय आहे. रस्त्यावर बसणाऱ्याने रस्त्याचा हक्क द्यावा, येणाऱ्याजाणाऱ्याला त्रास होऊ देऊ नये, ही शिकवण आपल्या नबी (सल्ल.) यांच्या हदीसमध्ये आली आहे, आणि वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे हा सदका मानला गेला आहे. जुम्माच्या बयानात आपण हे ऐकतो आणि दुकानात येऊन खोके बाहेर लावतो. जुन्या इस्लामी शहरांत मुहतसिब नावाचा अधिकारी बाजारात फिरत असे. वजनमापे तर तो तपासत असेच, पण दुकानाचा भाग वाटेत आला असेल तर तोही मागे घ्यायला लावत असे. आज तो आपल्या दारात आला तर किती दुकाने पास होतील?

हाजीसाहेबांच्या टेम्पोकडे परत येतो, कारण त्याचे उत्तर राहिले आहे. क्रॉसिंगच्या पट्ट्यांवर आणि तिच्या लगत गाडी उभी करता येत नाही, हे खरे. म्हणजे काही दुकानांची दारे बंधनात येतील. आपण मान खाली घालून बसलो तर ती जागा कागदावर रेघ ओढून कोणीतरी ठरवेल, आणि ती नेमकी कोणाच्या गोदामासमोर येईल. आपणच आधी सांगितले तर ती एखाद्या गल्लीच्या तोंडाशी किंवा मशिदीच्या दरवाजासमोर घेता येते, जिथे नाहीतरी गाडी उभी राहत नाही आणि माणसे नाहीतरी ओलांडतात. ज्या एक-दोन दुकानांना झळ पोचेल त्यांच्या मालासाठी शेजारच्याने सकाळी अर्धा तास आपले दार द्यावे. हे ओळीतल्या ओळीत ठरू शकते. हाजीसाहेबांना मी माझे दार देऊ केले आहे. ते "बघू" म्हणाले. त्यांच्या "बघू" चा अर्थ ओळखणारे ओळखतात.

रमजानच्या रात्रींचे आणि जुम्माच्या दुपारचे मात्र स्पष्ट बोलावे. त्या वेळी हजारो माणसे रस्त्यावर असतात, दिव्याने त्यांना आवरता येत नाही, आणि आवरूही नये. तेव्हा पोलिसांनी हाताने वाहतूक चालवावी किंवा वळवावी. सिग्नल हा वर्षातल्या बाकीच्या तीनशे दिवसांसाठी आहे. जे लोक रमजानच्या गर्दीचा दाखला देऊन "इथे सिग्नल चालणारच नाही" म्हणतात, ते लग्नाच्या दिवसाच्या खर्चावरून घरखर्च ठरवतात.

हे सारे महंमद अली रोडचे झाले. पण मुंबईबाहेरच्या वाचकांनी हा लेख "मुंबईवाल्यांचा" म्हणून बाजूला ठेवू नये. मालेगावात जुना आग्रा रोड वस्तीच्या मधून जातो, भिवंडीत कल्याण रोडवर मालाचे ट्रक आणि कारखान्यातून सुटलेले कारागीर एकाच वेळी येतात, मुंब्र्यात जुना पुणे रस्ता हीच गावाची मुख्य पेठ होऊन बसली आहे. यंत्रमागाच्या गावांत एक गोष्ट लक्षात ठेवावी: मोजणी पाळी बदलण्याच्या तासाला करावी. सरकारी माणूस दुपारी अकराला येऊन मोजेल तर त्याला रस्ता शांत दिसेल, कारण तेव्हा सगळे हात मागावर असतात. बारा तास उभे राहून सुटलेल्या विणकराचे पाय आणि डोळे दोन्ही थकलेले असतात. गाडीच्या वेगाचा अंदाज त्याला नीट येत नाही, यात त्याचा दोष काय? आणि तो जखमी झाला तर घरी बसून पगार देणारे कोणी नाही. रोजंदारीवरच्या कारागिराचा मोडलेला पाय म्हणजे त्या घराचे सहा महिने असतात, त्यात मुलाची शाळा सुटते आणि बायकोचे दागिने सोनाराकडे जातात.

देशाचा आकडा एकच देतो. 2022 साली भारतात रस्त्यावर 1,68,491 माणसे मेली, त्यांतली 32,825 पायी चालणारी होती. मुंबईसारख्या शहरात मरणाऱ्यांत पायी चालणाऱ्यांचे प्रमाण देशाच्या मानाने बरेच अधिक असते. यांतली बहुतेक माणसे कुठे कामाला, कुठे खरेदीला, कुठे नमाजला निघाली असतील. दिवसाला सरासरी नव्वद जनाजे होतात हे.

एक जाता जाता. 2020 साली दादर भागात पालिकेने सिग्नलवर पुरुषाच्या आकृतीऐवजी स्त्रीची आकृती लावली, तेव्हा बरेच लोक हसले होते. मलाही त्यात दिखावाच जास्त वाटला होता. अलीकडे मुलीला शाळेत सोडताना तिने तो दिवा पाहिला आणि "अब्बा, ही मी" म्हणाली. तेव्हापासून मी हसत नाही.

तर आमच्या ओळीत आता असे ठरले आहे. आधी मोजणी, मग अर्ज. मुंबईत सिग्नल बसवण्याचे काम पालिकेचे आणि मंजुरी व चालवणे वाहतूक पोलिसांचे, म्हणून अर्ज दोन्हीकडे, एकाच मजकुराचा, मोजणीचा तक्ता जोडून, पोच घेऊन द्यायचा. अर्जात जागा, उंच क्रॉसिंग, म्हाताऱ्यांना पुरतील इतके सेकंद, आंधळ्यांसाठी आवाज, आणि कॅमेरा. सह्या दोन्ही फुटपाथच्या दुकानदारांच्या आणि वरच्या मजल्यांवरच्या रहिवाशांच्या, बायकांच्यासुद्धा. केवळ व्यापारी संघाचा शिक्का पुरेसा समजू नये. रमजान आणि सणाचे दिवस मोजणीला घ्यायचे नाहीत, नाहीतर आकडा फुगवला असे म्हणायला जागा राहते.

मोजणीसाठी येता बुधवार धरला आहे, असरपासून मगरिबपर्यंत. एकाने माणसे मोजायची, एकाने वाहने, दोन्ही बाजूंना. म्हणजे चार माणसे लागतात. तीन मिळाली आहेत. चौथ्या जागेसाठी हाजीसाहेबांनी आपल्या नातवाला पाठवतो म्हणून काल निरोप दिला, आणि वर विचारले की टेम्पोसुद्धा वाहनात मोजायचा का.

मोजायचा.